सहाव्या पट्टीचं रुसणं

लुराह : पाय लावला नाही हो मी! नुसता ओलांडला. हातात मशीनची वायर, पलीकडे प्लग, मध्ये सारोन. टाकला पाय पलीकडे. एवढंच.

रुबियेम : एवढंच म्हणे! झोपलेल्या आजोबांच्या अंगावरून पण तुम्ही अशीच टांग टाकून जाता का, पाक लुराह?

लुराह : आजोबा वेगळे. सारोन म्हणजे शेवटी काय, लाकडी खोक्यावर मांडलेल्या काशाच्या सात पट्ट्या.

रुबियेम : ऐकलंत ना, क्याइ सबार? तुमच्या समोर बसून म्हणताहेत.

लुराह : हळू बोला, बू रुबी! क्याइंना मी कुठे काय म्हटलं? क्याइ म्हणजे आपला थोरला गाँग, त्यांच्याबद्दल मला पूर्ण आदर आहे. दर गुरुवारी फुलं येतात की नाही माझ्याकडून? धूप येतो की नाही?

रुबियेम : येतो की. मागच्या गुरुवारी डास पळवायची कॉइल आली होती.

लुराह : ती चुकून आली. पिशवी एकच होती.

रुबियेम : मीच लावली गाँगपुढे. क्याइंना डास चावले नाहीत, हे मात्र खरं.

वागिरान : मला चहा मिळेल का? पहाटेची बस धरून विरुनहून आलोय.

लुराह : अहो, घ्या ना, पाक वागिरान. बू रुबी, चहा द्या यांना. हे टेंपे घ्या, गरम आहे. आता तुम्ही सूर लावणारे, तुम्हाला सविस्तर सांगतो. रविवारी माझ्या लास्मिनीचं लग्न. व्याही सेमारांगचे. शहरी माणसं. माझं नियोजन असं की आधी आपला गमेलान, हा सगळा वाद्यांचा संच, मग मशीन, आणि शेवटी दोन्ही एकत्र. मशीन म्हणजे ते पेटीसारखं, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं, विजेवर चालणारं. मशीन आलं त्याच दिवशी दोन्ही एकत्र वाजवून बघितलं, काल संध्याकाळी पुन्हा बघितलं.

रुबियेम : माझ्या कोंबड्यांनी आज अंडी दिली नाहीत.

लुराह : थोडी तांत्रिक अडचण आली. आपला संच मशीनपेक्षा खाली लागतो. आणि सहावा सूर तर भलताच खाली. म्हणून पहिल्याच दिवशी तुम्हाला फोन केला. सगळा संच मशीनच्या सुराला चढवून द्यायचा. शनिवारपर्यंत.

वागिरान : बरं.

लुराह : आणि आज सकाळी बघतो तर काय! छोट्या सारोनची सहावी पट्टी गायब.

वागिरान : सहावीच?

रुबियेम : सहावीच. काल यांनी सारोन ओलांडला, आज पट्टी निघून गेली. रुसून.

वागिरान : पट्टी रुसून निघून गेली.

रुबियेम : माझ्याकडे काय बघतोस, कांग? तिच्या जागी मी असते तर मीही गेले असते.

लुराह : पोलिसांत जायचं तर गावचा लुराह, गावप्रमुख, मीच. तक्रारीत लिहू काय? कारण विचारलं तर 'मी ओलांडलं' असं लिहून द्यावं लागेल. आणि दुसरं म्हणजे, हसू नका, रात्रभर माझा पाय दुखतोय. टाकला होता तोच.

रुबियेम : उजवा ना? हं.

लुराह : हं म्हणजे काय?

रुबियेम : काही नाही. माझ्या आजोळी एकाचा डावा दुखला होता. तो वाचला.

लुराह : पाक वागिरान, तुम्ही तरी काहीतरी करा. पट्टी नसली तर नसली, बाकीच्या चढवायला घ्या.

वागिरान : संच अपुरा असताना मी कानस हातात धरत नाही. गुरूने घातलेली अट आहे. पट्टी आधी सापडू दे.

लुराह : अहो, सगळं शोधलं! कोठार, विहीर, शाळा. लोकांची घरंसुद्धा बघितली. बू रुबींचंही. गैरसमज नको, सगळ्यांचीच बघितली.

रुबियेम : माझ्या तांदळाच्या मडक्यात कोपरापर्यंत हात घातला होता यांनी. वर म्हणाले, तांदूळ चांगला आहे.

लुराह : चांगला होता म्हणून म्हटलं. ठीक आहे, मी पुन्हा एकदा कोठार बघून येतो.

वागिरान : या. येताना ते मशीनही घेऊन या. बघू तरी कसं दिसतं.

रुबियेम : आणि वळसा घालून जा! हां, तसं. त्या ढोलालाही घाला. खांबाला नको, तो नुसता खांब आहे.

वागिरान : गेला.

रुबियेम : गेला बिचारा. माणूस वाईट नाही. भाषणं फार करतो.

वागिरान : रुबी, आज फार ताठ बसली आहेस.

रुबियेम : गाणारी आहे मी. गाणारी ताठच बसते.

वागिरान : चाळीस वर्षं बघतोय. गाताना तू ताठ असतेस. एरवी पोत्यासारखी बसतेस.

रुबियेम : कमरेत उसण भरलीय. म्हणून कमरपट्टा घट्ट गुंडाळलाय.

वागिरान : बरं. तो साखरेचा खडा पडला बघ, तुझ्या पायाशी. दे जरा उचलून.

रुबियेम : तूच घे.

वागिरान : मी पाहुणा आहे.

रुबियेम : आला मोठा पाहुणा! माझ्या हातचं टेंपे खाऊन दात पडले तुझे. घे, मेल्या, घे तुझी साखर—

वागिरान : काय वाजलं?

रुबियेम : गुडघा.

वागिरान : सहाव्या सुरात?

रुबियेम : म्हातारपणी काय काय वाजतं माणसाचं.

वागिरान : चहाच्या तबकावर आपटली ती. मी माझ्या हाताने घासलेली पट्टी आहे, झोपेत वाजली तरी ओळखेन. काढ बाहेर.

रुबियेम : नाही काढणार. कमरपट्टा बारा हात लांब आहे. सोडायला बसले तर लग्न होऊन नातवंडं येतील लास्मिनीला.

वागिरान : रात्री पण तशीच झोपलीस?

रुबियेम : कूस बदलता येत नव्हती. मग काय करणार? मडक्यात ठेवली असती तर यांच्या हाताला लागली असती.

वागिरान : आणि हे रुसण्याचं कधी सुचलं?

रुबियेम : ते मला सुचलं नाही, देवाने दिलं. पट्टी मी काल दुपारीच काढली होती. तिच्या जागी चिंधी घालून वरून कापड टाकलं. संध्याकाळी हे वायर घेऊन आले आणि माझ्या देखत टांग टाकली. मी म्हटलं, वा रे वा, आयतंच आलं चालून!

वागिरान : काल संध्याकाळी त्या सारोनवर कोण वाजवत होतं मग?

रुबियेम : वाजवणाऱ्याला ताप आलाय. जागा रिकामीच होती. तुला काय पोलिसात घेतलंय का?

वागिरान : का लपवलीस, रुबी?

रुबियेम : तू येणार म्हणून लपवली. चार दिवस झाले, गावात एकच बोलणं, वागिरान येणार, कानस आणणार. तू पट्ट्यांची टोकं घासणार, सूर चढणार. आणि तो चढलेला सूर गाणार कोण? मी? मशीनबरोबर गायला सेमारांगहून एक पोरगी येतेय. बावीस वर्षांची. माइकला असं धरते, जणू त्याच्याशीच लग्न ठरलंय. तिचा गळा मशीनच्या मापाचा. आणि मला पाक लुराह काय म्हणाले माहितीय? बू रुबी, रविवारी तुम्ही पुढच्या रांगेत बसा, पाहुण्यांबरोबर, आराम करा. चाळीस वर्षं मी या गाँगच्या पुढ्यात बसलेय, कांग. पाहुण्यांत बसून मी करू काय? केक खाऊ?

वागिरान : लग्नातला केक चांगला असतो.

रुबियेम : कानस घालीन तुझ्या तोंडात.

वागिरान : दात पडलेत. घाल खुशाल. गेल्या वर्षी मी सोलो शहरात संगीत विद्यालयात कामाला होतो. तिथे हिंदुस्थानातून एक गाणारी बाई आली होती. तुझ्याच वयाची. बरोबर भोपळ्याचा उंच तंबोरा. चार तारांचा.

रुबियेम : चार? आणि बाकीचा संच?

वागिरान : संच नाही. एक तबलेवाला, बस्स.

रुबियेम : अगं बाई. गरीब होती का?

वागिरान : नाही गं. त्यांची रीतच तशी. गायला बसली, तर तंबोरेवाल्याने आधी तिलाच विचारलं, सूर कुठला लावू? बाईने घसा साफ केला, दोन घोट चहा घेतला, म्हणाली, आज जरा खालीच ठेव. झालं. याने खुंटी पिळली, तार उतरली. तबलेवाला ठोकत ठोकत तिच्या मागोमाग खाली.

रुबियेम : बाईला विचारतात?

वागिरान : रोज विचारतात.

रुबियेम : आणि बाईला सर्दी झाली तर?

वागिरान : त्या दिवशी वाद्यालाही सर्दी.

रुबियेम : कुठे आहे रे हा देश? बस जाते का?

वागिरान : आपल्याकडे खुंटी नाही. कासं आहे. एकदा घासलं की तीस वर्षं तसंच राहतं. म्हणून घासणाऱ्याने कुणाचा तरी गळा मनात धरायचा असतो.

रुबियेम : हे असं तिरकं बोलायला लागलास की मला संशय येतो. सरळ सांग.

वागिरान : तीस वर्षांपूर्वी हा संच मी लावत होतो, तेव्हा तू त्या खांबाला टेकून गात होतीस. आठवतं?

रुबियेम : न आठवायला काय झालं? चार दिवस सणकून सर्दी होती मला. तरी गात होते, समारंभ तोंडावर आला होता.

वागिरान : सहावा सूर तुला लागत नव्हता. केसभर खाली यायचा. पण दर वेळी तेवढाच खाली. मी म्हटलं, बाई चुकते आहे, पण नेमाने चुकते आहे. पट्टी उलटी केली आणि पोटाशी जरा घासली. उतरली. मग दुसऱ्या वाद्याची उतरवली. मग सगळ्यांचीच.

रुबियेम : थांब. थांब, थांब. म्हणजे अख्खं गाव ज्याला क्याइंचा स्वभाव म्हणतं—

वागिरान : ती तुझी सर्दी आहे.

रुबियेम : तीस वर्षं! अरे, लांबलांबून माणसं येतात. डोळे मिटून मान हलवतात. म्हणतात, या संचाच्या सहाव्या सुरात काय कारुण्य आहे!

वागिरान : आहेच. नाक चोंदलेलं आहे ना.

रुबियेम : आणि मला बोलला नाहीस?

वागिरान : तू विचारलं नाहीस. आणि सर्दी गेल्यावरही तू तिथेच गात राहिलीस, हे मला बरं वाटलं.

रुबियेम : हलकट आहेस. चांगला आहेस, पण हलकट आहेस.

वागिरान : बरं.

रुबियेम : मग मीही तुला एक सांगते. हसायचं नाही.

वागिरान : नाही हसत.

रुबियेम : वरचा सूर मला आताही लागत नाही. या संचात, या माझ्या सर्दीच्या संचातसुद्धा. वर्ष झालं. तो सूर आला की मी नुसतं तोंड उघडते. शेजारी जुमादी रेबाबवर गज असा लांब ओढतो की लोकांना वाटतं मीच गातेय. त्याने कुणाला सांगितलं नाही, मीही नाही. आम्ही दोघं त्याबद्दल एकमेकांशी पण बोलत नाही. मला भीती वाटते, कांग. संच चढला तर एक नाही, चार सूर जातील माझे. जुमादी किती झाकणार?

वागिरान : रडू नकोस. पट्टीला ओल लागेल.

रुबियेम : काशाला काय होतंय ओलीने! तुझं डोकं गंजलंय.

वागिरान : डोळे पूस. आला बघ तो. आणि आता मी काय बोलेन त्यावर तू हसायचं नाहीस.

लुराह : कोठारात नाही. हे घ्या मशीन. बघा, दोन्ही ढोलांना वळसा घालून आलोय. पाक वागिरान, काही सुचलं का?

वागिरान : मी क्याइंनाच विचारावं म्हणतो.

लुराह : विचारता येतं?

वागिरान : गाँगला कान लावावा लागतो. जरा शांत बसा. हं. हं. बरं.

लुराह : काय? काय म्हणताहेत? पायाबद्दल काही?

वागिरान : विचारताहेत, हे काळं कोण आलंय घरात, नमस्कार न करता?

लुराह : मशीन आहे म्हणावं. जपानी आहे.

वागिरान : म्हणतात, असू दे जपानी. वय काय?

लुराह : येऊन चार दिवस झाले.

रुबियेम : आणि क्याइंना एकशे दहा वर्षं.

वागिरान : म्हणतात, एकशे दहा वर्षांच्या माणसाने चार दिवसांच्या पोरापुढे उठून उभं राहायचं? ही कुठली रीत? लुराहाच्या घरी वडीलधाऱ्यांपुढून जाताना कोण वाकतं?

लुराह : धाकटा वाकतो. म्हणजे काय, धाकट्यानेच वाकायचं! लास्मिनीला मी लहानपणापासून हेच शिकवलंय.

वागिरान : मग झालं तर.

लुराह : पण मशीन वाकणार कसं?

वागिरान : कळ असते त्याला. गेल्या महिन्यात क्लातेनला बघितली मी. एकेक सूर वेगळा उतरवता येतो.

लुराह : पुस्तिकेत असेल. पण पुस्तिका जपानीत आहे.

वागिरान : असू दे. ही कळ. प्लग लावा. पलीकडून जा, पलीकडून. आता मी मोठ्या सारोनवर वाजवतो, तुम्ही दाबा. खाली आणा. अजून. अजून थोडं. बास. आता दुसरा.

लुराह : घामच फुटला मला. बघा, मिळाला का?

वागिरान : मिळाला. आता सहावा. आणा खाली.

लुराह : आणखी? हा तर फारच खाली चाललाय हो.

रुबियेम : कारुण्य आहे त्यात. दाबा.

लुराह : अरे! अरे वा! जुळलं की हे. भांडण मिटलं दोघांचं. फक्त सहाव्याला मशीन जरा नाकातून बोलल्यासारखं वाटतंय का?

वागिरान : इथली हवा लागली त्याला.

लुराह : आणि व्याह्यांना सांगायलाही छान! 'आमच्या गावात यंत्रसुद्धा थोरांपुढे वाकतं.' भाषणात घेतो हे. सुरुवातीलाच घेतो.

रुबियेम : चला, म्हणजे क्याइंचा राग गेला. आता पट्टीही येईल हो घरी. संध्याकाळपर्यंत आपणहून येईल बघा.

लुराह : संध्याकाळपर्यंत कशाला थांबायचं, बू रुबी? तुमच्या कमरपट्ट्यातून तिचं टोक मघापासून डोकावतंय.

वागिरान : ...बरं.

लुराह : मी लुराह आहे, आंधळा नाही. मशीन घेऊन आलो तेव्हाच दिसलं.

वागिरान : आणि तरी बसून राहिलात? कळा दाबत?

लुराह : क्याइ बोलत होते. मध्येच कसं बोलणार? आणि खरं सांगू, पाय दुखायचा थांबला. पण बू रुबी, मला एक कळत नाही. लास्मिनी पाच दिवसांची होती तेव्हा याच जागी बसून तुम्ही गायलात. तिच्याच लग्नात असं का करावं? मी तुम्हाला पुढची रांग दिली.

रुबियेम : त्या रांगेचंच तर दुखणं आहे. मी काय पाहुणी आहे?

लुराह : अहो, मला वाटलं तुम्हाला त्रास होतो. अलीकडे वरचा सूर आला की तुम्ही डोळे घट्ट मिटून घेता. मी बघतो ना समोरून. बायकोला म्हटलं, यांना काहीतरी दुखतंय, पण सांगत नाहीत. म्हणून आराम करा म्हटलं. तुम्हाला काढून टाकायचं असतं तर तोंडावर सांगितलं असतं की, भाषणासकट.

रुबियेम : तुम्हाला दिसत होतं?

लुराह : दिसत होतं. आता पट्टी काढा ती, नाहीतर खरंच उसण भरेल. आणि काय दुखतंय ते एकदा सांगून टाका.

रुबियेम : वरचा सूर लागत नाही मला. जुमादी झाकतो. सांगितलं. झालं समाधान?

लुराह : एवढंच ना? मग अडचण कसली! मशीन आता तुमच्या सुराला लागलंय, गाणं तुमचंच. त्या सेमारांगच्या पोरीला फोन करून सांगतो, येऊ नकोस म्हणून.

रुबियेम : कशाला? ये म्हणावं तिला. माझ्या शेजारीच बसेल. वरचा सूर आला की मी थांबेन, तिने उचलायचा.